बेटी नावाचं बॉम्बर विमान आणि माझ्या वर्गातला 'अप्रगत' मुलगा



आज जो अनुभव सांगणार आहे तो कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवाजी महाराज असतात, दुसरं महायुद्ध नसतं. तरीही या वर्षी दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने माझ्या वर्गाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एक जपानी बॉम्बर विमान तयार होत होतं. खरं नाही हो, प्लॅस्टिकचं. खऱ्याच्या ७२ पट लहान. त्या विमानानं मुलांना काय शिकवलं ते सांगतेच, पण मला काय शिकवलं ते आधी सांगायला हवं. त्यासाठी माझी एक चूक कबूल करावी लागेल.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी. तिसरी-चौथीचा वर्ग माझ्याकडे, पट २३. चौथीत एक मुलगा आहे. त्याचे वडील हायवेच्या कडेला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतात. मुलगा अबोल. वाचनाच्या चाचणीत शब्दांपर्यंत यायचा आणि जोडाक्षर आलं की थांबायचा. खाली मान घालून पेन्सिलचं टोक करत बसायचा. दोन महिने जादा तास घेतले, कार्ड केली, वाचनपट्ट्या केल्या. पण सप्टेंबरच्या चाचणीतही तो तिथंच.

त्यानंतरच्या पालक सभेत मी त्याच्या वडिलांना म्हणाले, "याच्याकडून वाचन काही होईल असं वाटत नाही बघा." मुलगा शेजारी उभा होता. वडील क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मग गॅरेजवर नेतो मॅडम. हात तरी चालतील."

त्या आठवड्यापासून तो आठवड्यातून तीनच दिवस शाळेत यायला लागला. मी हजेरीपत्रकावर 'गै' लिहीत राहिले. आपण रोज इतकं काही बोलतो की कुठलं वाक्य मुलाच्या पाठीवर बसलं ते आपल्या लक्षातही राहत नाही. मलाही राहिलं नव्हतं.

खोका उघडला

माझा धाकटा भाऊ पुण्यात जपानी शिकला आणि नोकरीनिमित्त दोन वर्षं नागोयाला होता. दिवाळीला आला तेव्हा माझ्या मुलासाठी विमानाचा एक खोका घेऊन आला. वरच्या चित्रात हिरवं, जाडजूड पोटाचं, पंखांवर लाल गोळे असलेलं विमान. माझ्या चिरंजीवांनी खोका उघडला, आतले बारीक बारीक शंभरावर तुकडे पाहिले आणि "हे उडत नाही?" एवढं विचारून ते फटाके उडवायला गेले. खोका तसाच कपाटावर पडला. मीच म्हटलं, शाळेत नेऊ. मधल्या सुट्टीनंतरच्या कार्यानुभवाच्या तासाला कामी येईल.

ज्यांनी असा खोका पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आत प्लॅस्टिकच्या चौकटी असतात. झाडाच्या फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे त्या चौकटींना विमानाचे भाग लटकलेले असतात. प्रत्येकाला नंबर. भाग कापून काढायचा, कापलेली जागा घासायची, जुळवून पाहायचा आणि मग चिकटवायचा. सोबत एक कागद असतो, कुठला नंबर कुठे बसतो ते दाखवणारा.

तो कागद मी उलगडला आणि बघतच राहिले. चार-दोन इंग्रजी शब्द सोडले तर सगळं जपानीत! उभ्या-आडव्या रेघांची ती अक्षरं. कुठून सुरू होतात, कुठं संपतात काही कळेना. मी डीएड झालेली, बारा वर्षं नोकरी झालेली बाई, आणि त्या कागदापुढे पूर्ण निरक्षर. वर्गातली तेवीस मुलं माझ्याकडे बघताहेत, आता मॅडम वाचून सांगतील म्हणून. माझे कान गरम झाले. मी कागद उलटा-सुलटा केला, चष्मा पुसला, उगीचच खोक्यात हात घातला.

आणि मग लक्षात आलं, पेन्सिलचं टोक करत बसणं म्हणजे हेच की!

त्या दिवशी तो मुलगा आलेला होता. बराच वेळ मागून बघत होता. मग हळूच पुढे आला आणि कागदावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, ह्ये आदी. बाण हितनं निघतोय. सात आन् आठ आत बसत्यात, मग दोन्ही बाजू मिटायच्या." त्यानं अक्षरांकडे बघितलंच नव्हतं. चित्र, बाण आणि आकडे तो सरळ वाचत होता. गॅरेजमध्ये कारचा दरवाजा उघडून पुन्हा बसवताना पाहिलेल्या मुलाला ते अवघड नव्हतंच.

'बेटी' म्हणजे मुलगी ना?

विमानाबद्दल मुलांना सांगायचं म्हणून मी घरी अभ्यास केला. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देते.

हे मित्सुबिशी कंपनीचं जी४एम. जपानी नौदलाचं, पण जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडणारं बॉम्बर. पहिलं उड्डाण २३ ऑक्टोबर १९३९ ला. नौदलात त्याचं नाव 'प्रकार एक'. हा 'एक' कुठून आला? जपानची स्वतःची एक कालगणना होती. आपलं १९४१ साल म्हणजे त्यांचं २६०१. त्यातला शेवटचा आकडा विमानाला मिळाला. आदल्या वर्षीच्या, २६०० सालच्या प्रसिद्ध लढाऊ विमानाला म्हणूनच 'झीरो' म्हणतात. इथं मी मुलांना कालनिर्णयवर शके दाखवलं. १९४१ म्हणजे शके १८६३. एकच वर्ष आणि त्याला तीन आकडे. मुलांना याची फार गंमत वाटली. एकीनं विचारलं, "मग खरं कुठलं?" त्यावरच अर्धा तास गेला, आणि छान गेला.

अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांना जपानी विमानांची नावं लक्षात ठेवणं जड जायचं. म्हणून त्यांनी टोपणनावं ठेवली. लढाऊ विमानांना मुलग्यांची, बॉम्बर विमानांना मुलींची. या विमानाचं नाव पडलं 'बेट्टी'. मी फळ्यावर लिहिलं आणि मागून आवाज आला, "बेटी म्हणजे मुलगी ना मॅडम? आपल्या भिंतीवर लिवलंय ते?" आमच्या शाळेच्या भिंतीवर 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' रंगवलेलं आहे. सगळा वर्ग हसला. मी सांगितलं की ते वेगळं आणि हे वेगळं, पण उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून आमचं विमान बेटीच.

हसू ओसरल्यावर चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बॉम्ब टाकणाऱ्या विमानाला मुलीचं नाव का दिलं?" माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ठेवणारे सगळे पुरुष होते, एवढं मी म्हणाले. तिनं मान हलवली, म्हणजे तेवढं तिला पुरलं असावं.

भाऊ नागोयाला राहिलेला असल्यानं आणखी एक गोष्ट कळली. मित्सुबिशीचा कारखाना नागोयाला होता, पण त्याला लागून धावपट्टीच नव्हती. मग 'झीरो'सारखं नवं विमान सुटं करून बैलगाडीवर लादायचे आणि सुमारे ४८ किलोमीटर लांब कागामिगाहाराच्या मैदानावर न्यायचे. जगातलं त्या काळचं अत्याधुनिक विमान, आणि पुढे बैल! आमच्या मुलांना विमानाच्या वेगापेक्षा हेच जास्त आवडलं. ऊस वाहणाऱ्या गाड्या रोज बघणारी मुलं ती. "किती दिस लागत आसतील?" यावर त्यांनी आपापले अंदाज मांडले. बैल तासाला किती चालतो, रात्री थांबतात का, रस्ता कच्चा की पक्का. अंतर, वेग आणि काळ हे गणित मी शिकवलंच नाही, त्यांनीच काढलं.

फक्कीचं विमान

विमान ७२ पट लहान म्हणजे काय, हे फळ्यावर कळेना. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा २५ मीटर, लांबी सुमारे २० मीटर. २५०० सेंटिमीटर भागिले ७२, उत्तर साधारण ३४.७. मुलांनी पट्टी लावून प्लॅस्टिकचे पंख मोजले आणि जवळजवळ तेवढेच भरले तेव्हा टाळ्या वाजल्या. पण पंचवीस मीटर म्हणजे किती, ते डोळ्यांसमोर येत नव्हतं.

म्हणून आम्ही फक्की घेतली आणि मैदानावर खऱ्या मापाचं विमान आखलं. एक पंख गेला हापशापर्यंत, दुसरा मुताऱ्यांच्या भिंतीला टेकला. शेपूट फाटकाशी. मुलं त्यात पळायला लागली.

मग मी सात मुलांना आत उभं केलं. या विमानात सात माणसं असत. दोघं विमान चालवणारी, बाकीची दिशा बघणं, बॉम्ब टाकणं, बिनतारी संदेश आणि बंदुका सांभाळणारी. नाकात एक, पाठीवर एक, दोन्ही कुशींना खिडक्या आणि अगदी शेपटीत एकटा माणूस, २० मिलिमीटरची तोफ घेऊन. शेपटीत मी गॅरेजवाल्याच्या मुलाला उभं केलं. बाकीच्यांपासून तो इतका लांब की त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

आता विमानाची खरी गोष्ट सांगायची वेळ आली. नौदलाला हे विमान फार लांब जाणारं आणि वेगवान हवं होतं. आराखडा करणारे किरो होंजो यांनी चार इंजिनांचं विमान सुचवलं होतं, म्हणजे संरक्षणाचं वजन पेलता आलं असतं. नौदलानं ते नाकारलं. दोनच इंजिनं हवीत. मग वजन कुठून कमी करणार? पंखांत भरपूर पेट्रोल भरलं, पण टाक्यांना गोळीपासून वाचवणारं आवरण नाही. माणसांभोवती चिलखती पत्रा नाही. विमान लांब गेलं, वेगानं गेलं, आणि गोळी लागली की पेटायचं. जपानी वैमानिक त्याच्या आकारावरून त्याला 'हामाकी' म्हणजे चिरूट म्हणत. शत्रूच्या वैमानिकांनी त्याला लायटर म्हणायला सुरुवात केली. टाक्यांना नीट संरक्षण मिळालं ते अगदी शेवटच्या प्रकारात, आणि ती विमानं थोडीच बनली. एकूण २,४०० हून जास्त विमानं बनली होती. आज उडू शकेल असं त्यातलं एकही उरलेलं नाही.

फाटकाजवळून आवाज आला, "मॅडम, पेटलं तर म्या कुटनं पळू?"

सगळी मुलं शांत झाली. मी त्याच्याजवळ गेले आणि आम्ही दोघांनी फक्कीच्या रेघांतून वाट शोधली. मध्ये पेट्रोलचे पंख, पुढे चालवणारे, खाली समुद्र. तो म्हणाला, "म्हंजे त्यास्नी म्हाईत आसल."

हो, माहीत असणारच. मुलांसमोर याहून जास्त मी काही बोलले नाही.

आणि खाली कोण होतं?

शिक्षक मित्रांनो, इथं एक धोका आहे. विमान हातात घेऊन मुलं 'ढिश्श्यूं' करायला लागतात आणि आपणही त्याच ओघात जातो. किंवा आतल्या सात माणसांचं दुःख सांगताना खालची माणसं विसरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी उरलेल्या सोळा मुलांना मी फक्कीच्या विमानाच्या बाहेर उभं केलं आणि तारखा सांगितल्या.

१० डिसेंबर १९४१. मलायाजवळच्या समुद्रात या आणि याच्या आधीच्या जातीच्या बॉम्बर विमानांनी ब्रिटिशांच्या दोन मोठ्या युद्धनौका बुडवल्या. 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स'. सुमारे ८४० खलाशी गेले. १९ फेब्रुवारी १९४२. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावरच्या हल्ल्यात दुसऱ्या फेरीत ही विमानं होती. त्या एका दिवसात तिथं दोनशेहून जास्त माणसं मेली. आणि आपल्याकडे? डिसेंबर १९४३ मध्ये जपानी बॉम्बर कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीवर भरदिवसा आले होते. मेले त्यात गोदीतले मजूर खूप होते.

"मजूर कशापायी?" एकानं विचारलं. "ते काय लढत होते?"

मग उलटीही बाजू सांगितली. १८ एप्रिल १९४३ ला जपानी नौदलाचे सर्वात मोठे सेनानी ॲडमिरल यामामोतो याच जातीच्या विमानातून चालले होते. अमेरिकनांनी त्यांचा गुप्त संदेश उलगडला होता. बुगेनव्हिल बेटावर अमेरिकेच्या पी-३८ विमानांनी त्यांना गाठलं. विमान जंगलात कोसळलं.

"मग ह्ये इमान चांगलं का वाईट?" हा प्रश्न आलाच. मी फळ्यावर दोन रकाने केले आणि मुलांना ठरवू दिलं. काहींनी चांगलं लिहिलं, काहींनी वाईट. ज्या मुलीनं नावाबद्दल विचारलं होतं तिनं दोन्ही रकाने खोडले आणि लिहिलं, 'ते काय करणार, त्याला चालवतं कोण'. मी ते वाक्य आठवडाभर पुसलं नाही.

लांबी, वॉटर पेपर आणि माझा पराक्रम

इकडे टेबलावर काम चालू होतं. ब्लेड आणि चिकटवण्याचं काम माझं, घासणं-जुळवणं मुलांचं. हा नियम तुम्हीही कटाक्षानं पाळा.

विमानाचं धड दोन भागांत येतं, डावा आणि उजवा. चिकटवल्यावर पाठीवर मधोमध फट राहिली. मी म्हटलं, राहू दे, रंगात झाकेल. तो मुलगा म्हणाला, "न्हाई मॅडम, रंगात आणिक दिसती. लांबी भराय लागती." दुसऱ्या दिवशी तो गॅरेजमधून डबीच्या झाकणात थोडी लांबी घेऊन आला. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, परत पातळ थर. मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायचं, एकाच दिशेनं. कोरडं घासलं की चरे पडतात. तो सांगत होता आणि बाकीची मुलं त्याच्या हाताखाली काम करत होती. मी पहिल्यांदाच त्याला सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं.

गॅरेजमधलाच पांढरा रंग आण, असं मी सुचवलं. तो जवळजवळ ओरडलाच, "थिनर हाय त्यात! प्लॅस्टिक खातंय त्ये." बरोबर होतं त्याचं. आम्ही स्टेशनरीच्या दुकानातले पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घेतले.

आता माझा पराक्रम. या विमानाला पारदर्शक भाग फार. नाकाची काच, वैमानिकांची काच, पाठीवरची, कुशीच्या, शेपटीची. एका दुपारी घाई होती, केंद्रप्रमुख येणार होते, त्यांना विमान दाखवायचं होतं. मी झटकन चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब घेतली आणि नाकाची काच लावून टाकली. दहा मिनिटांत आख्खी काच पांढरी धुरकट झाली. त्या गोंदाची वाफ काचेवर बसते. अशा भागांना साधं फेव्हिकॉल लावायचं असतं, वाळलं की पारदर्शक होतं. हे मला नंतर कळलं.

मुलं हिरमुसली. मीही. पण तो मुलगा काच निरखत म्हणाला, "हेडलाइट आशीच हुती जुन्या गाडीची." दुसऱ्या दिवशी रबिंग कंपाउंड आणि मऊ फडकं आलं. तीन दिवस मधल्या सुट्टीत तो बोटानं हळूहळू घासत बसला. पूर्ण साफ झाली नाही, आतल्या बाजूला धुकं राहिलंच. पण आतला माणूस दिसायला लागला.

मी त्याच्या बोटाकडे बघत होते. तीन दिवस एकाच जागी, न कंटाळता, न चिडता. या मुलाला मी दोन महिन्यांत निकाली काढलं होतं. चाचणीच्या तारखेला गाठायचं म्हणून मीही घाईच केली होती. पल्ला हवा, वेग हवा, आणि वजन कमी करायला पहिल्यांदा काय काढून टाकलं, तर मुलाला सांभाळून घेणं.

त्या दिवशीपासून मी वाचनपट्ट्या बंद केल्या. त्याऐवजी तो काय करतोय तेच त्याच्या शब्दांत कागदावर लिहायचं आणि त्यानं वाचायचं. 'लांबी', 'घासणे', 'डावा पंख', 'काच', 'फट'. मग 'प्लॅस्टिक'. मग 'चक्र'. जोडाक्षरांपाशी तो अजून थांबत होता, पण आता मान खाली जात नव्हती. बोट पुढे जाऊन परत मागे येत होतं, घासताना जसं येतं तसं.

हिरवं की पांढरं?

शेवटी रंगाचा प्रश्न आला. खोक्यावर हिरवं विमान होतं. पंखांवरचे लाल गोळे पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ चित्रांच्या रूपात आत होते. आम्ही हिरवा रंग दिला, गोळे लावले. विमान अगदी चित्रातल्यासारखं दिसायला लागलं.

मग मी त्यांना १९ ऑगस्ट १९४५ ची गोष्ट सांगितली. आपल्या मुलांना १५ ऑगस्ट पाठ असतो. १९४५ च्या १५ ऑगस्टला जपानच्या सम्राटानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. पुढची बोलणी करायला जपानी प्रतिनिधींनी विमानानं यावं, असं अमेरिकनांनी कळवलं. अट अशी की विमान पूर्ण पांढरं रंगवायचं, त्यावर हिरवे क्रॉस काढायचे आणि शस्त्रं काढून टाकायची. लेफ्टनंट जनरल तोराशिरो कावाबे यांच्यासह सोळा माणसं दोन विमानांतून निघाली. ती विमानं होती याच बेटीच्या घराण्यातली. काही जपानी सैनिकांनाच शरणागती मान्य नव्हती, त्यामुळे आपलेच लोक आपल्याला पाडतील ही भीती. आणि वाटेत त्यांना सांभाळून नेणाऱ्या विमानांत होती अमेरिकेची पी-३८. ज्या जातीच्या विमानांनी यामामोतोंना पाडलं होतं, तीच.

ओकिनावाजवळच्या इए शिमा बेटावर ती उतरली. तिथून अमेरिकन विमानानं मंडळी मनिलाला गेली. परतताना एका विमानाचं पेट्रोल संपलं आणि ते जपानच्या किनाऱ्यावर रात्री वाळूत उतरवावं लागलं. पण कागद सुखरूप टोकियोला पोचले. २ सप्टेंबरला युद्ध रीतसर संपलं.

"हिरवा क्रॉस? औषदाच्या दुकानावर आसतो तसा?"

"तसाच."

वर्गात मतदान घेतलं. हिरवंच ठेवायचं म्हणणारे अकरा, पांढरं करायचं म्हणणारे अकरा. तेविसावा तोच. म्हणाला, "खऱ्यावर बी हिरव्यावरच पांढरा मारला आसंल न्हवं? मग आपण बी तसंच करू. जसं झालं तसं."

म्हणून आमच्या बेटीला पांढऱ्याचे तीन हात दिले, पंखांवर आणि कुशींवर हिरवे क्रॉस काढले. तिसऱ्या हातानंतरही लाल गोळे खालून फिकट गुलाबी दिसत राहिले. चौथा हात देऊ का, असं मी विचारलं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हुतंच की त्ये खाली." राहू दिलं.

२६ जानेवारी

ध्वजवंदनानंतरच्या छोट्या प्रदर्शनात विमान मांडलं. शेजारी पुठ्ठ्यावर माहिती, त्याच मुलानं लिहिलेली. मी शुद्धलेखन सुधारलं नाही, इथं मात्र सुधारून देते: 'हे जपानी विमान आहे. नाव बेटी. खरं विमान ७२ पट मोठं. यात सात माणसं बसत. यानं बॉम्ब टाकले. माणसं मेली. मग पांढरा रंग दिला. शांततेचे प्रतिनिधी नेले.'

त्याचे वडील आले होते, हाताला प्रायमर लागलेला तसाच. मुलानं पुठ्ठ्यावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. 'प्रतिनिधी'पाशी अडला. मी पुढे होणार होते, पण थांबले. 'प्र... प्रति...' वडिलांचेही ओठ हलत होते. मग तो शब्द पूर्ण झाला.

मी वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, सप्टेंबरात मी त्याच्यासमोर जे बोलले ते चुकलं. मी असं बोलायला नको होतं." ते अवघडले. विमानाच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाले, "लांबी चांगली बसलीया. सोमवारपास्नं रोज येईल त्यो."

आणि तो येतोय. आता तो फार छान वाचतो, असं मी खोटं लिहिणार नाही. अजून तो वर्गाच्या मागेच आहे. पण परिच्छेद वाचतो, आणि अडलं तर विचारतो.

करून पाहायचं असेल तर

विमानच हवं असं नाही. असे संच महाग असतात, प्रत्येकाला जमणार नाही. पुठ्ठ्याची होडी, मातीचा किल्ला, बैलगाडी, काहीही चालेल. फक्त तीन गोष्टी सांभाळा. एक, खऱ्याचं माप काढा आणि मैदानावर खऱ्या मापात आखा, प्रमाण तिथंच कळतं. दोन, युद्धाची वस्तू असेल तर आतली माणसं आणि खालची माणसं, दोघांची गोष्ट सांगा. तीन, असं काहीतरी निवडा जे तुम्हाला स्वतःला येत नाही. आपल्याला येत नसलं की वर्गातला कोण आपल्याला शिकवू शकतो ते दिसतं.

पालकहो, तुमच्या मुलासमोर कुणी शिक्षक "याच्याकडून होणार नाही" म्हणाला, तर कृपया आमचं ऐकू नका. आम्हीही कधी कधी न वाचता येणारा कागद हातात घेऊन उभे असतो.

बेटी सध्या वर्गाच्या कपाटावर आहे. नाकाची काच अजून थोडी धुरकट आहे. आतला माणूस मात्र दिसतो.